नोंदवलेले झाड आणि नागरिकाचे कर्तव्य

शहरातील झाडांची डिजिटल नोंद ठेवणे आता अनेक महापालिकांच्या कामाचा भाग झाले आहे. प्रत्येक झाडाला क्रमांक मिळतो, नकाशावर जागा मिळते. त्याची जात, खोडाचा घेर आणि प्रकृती नोंदली जाते. ही नोंद नागरिकांसमोर खुली झाली की एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो. मोजलेले झाड माणसाच्या जवळ येते, की मोजल्यामुळेच ते बदलता येण्याजोगी वस्तू ठरते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे उदाहरण उपयोगी आहे. 1990च्या दशकाच्या अखेरीपासून 2009 पर्यंत तेथे दीर्घ दुष्काळ पडला आणि रस्त्यांवरचे, बागांतले अनेक जुने एल्म वृक्ष खंगले. त्यानंतर महापालिकेने 2012 ते 2032 या काळासाठी शहरी वनाचे धोरण आखले. सार्वजनिक जागांवरील वृक्षछत्र 22 टक्क्यांवरून 2040 पर्यंत 40 टक्क्यांवर नेणे हे त्याचे उद्दिष्ट होते. एका रोगात सगळीच झाडे जाऊ नयेत म्हणून एकाच जातीची झाडे 5 टक्क्यांहून अधिक नसावीत, असेही ठरले. 2013 मध्ये सुमारे 70,000 झाडांचा नकाशा खुला झाला आणि प्रत्येक झाडाला ई-मेल पत्ता देण्यात आला. तुटलेली फांदी किंवा कीड यांची तक्रार करणे सोपे व्हावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. लोकांनी मात्र थेट झाडांनाच पत्रे लिहिली. कोणी सावलीबद्दल आभार मानले, कोणी विचारपूस केली. परदेशांतूनही पत्रे आली आणि काहींना झाडाच्या वतीने उत्तरेही गेली.

हा केवळ भाबडेपणा होता, असे म्हणता येत नाही. मार्टिन बूबर यांच्या 1923 मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या ‘मी आणि तू’ या ग्रंथात झाडाचेच उदाहरण येते. झाडाकडे चित्र म्हणून पाहता येते, एखाद्या जातीचा नमुना म्हणून पाहता येते, निसर्गनियमांचा आविष्कार किंवा निव्वळ संख्या म्हणूनही पाहता येते. या सर्व दृष्टींत झाड ‘ते’ असते. पण त्याच झाडाशी नाते जडले की ते ‘तू’ होते. बूबर यांचा महत्त्वाचा मुद्दा यापुढचा आहे. हे नाते जडण्यासाठी आधीचे ज्ञान टाकून द्यावे लागत नाही. जात, नियम आणि संख्या ही सर्व त्या नात्यात सामावून जातात. म्हणजे मोजणी ही आत्मीयतेची शत्रू नाही. मेलबर्नमध्ये तर क्रमांकामुळेच एक विशिष्ट झाड इतरांतून वेगळे ओळखता आले आणि त्याला संबोधणे शक्य झाले.

मात्र संबोधन म्हणजे कर्तव्य नव्हे. झाड स्वतःची बाजू मांडू शकत नाही. ती कोणीतरी मांडावी लागते. क्रिस्टोफर स्टोन या अमेरिकी कायदेपंडितांनी 1972 मध्ये असा विचार मांडला की, निसर्गातील घटकांनाही कायदेशीर हक्क असावेत आणि पालकाने त्यांच्या वतीने दाद मागावी. मेलबर्नमधून वाहणाऱ्या यारा नदीसाठी व्हिक्टोरिया राज्याने 2017 मध्ये केलेला कायदा या विचाराच्या जवळ जातो. त्यात नदीला एकसंध सजीव घटक मानले आहे आणि तिच्या वतीने बोलण्यासाठी बिरारंग परिषद नेमली आहे. या परिषदेत तेथील मूळ रहिवासी समाजाच्या प्रतिनिधींना स्थान आहे.

महाराष्ट्राच्या परंपरेत देवराई हे अशा प्रातिनिधिक रक्षणाचे जुने रूप आहे. राई देवाची, म्हणून तिच्यातील लाकूड तोडायचे नाही, हा संकेत साऱ्या गावाला ठाऊक असतो. तेथे एकेका झाडाची नोंद नसते. मोठे वृक्ष, वेली, पालापाचोळा आणि पाण्याचा झरा मिळून जे काही आहे, ते सगळेच राखले जाते. डिजिटल नकाशाची उणीव येथे दिसते. तो झाड दाखवतो, पण झाडाभोवतीची माती आणि जीवसृष्टी सहसा त्यात येत नाही. दुसरीकडे, शहरात सर्वांना मान्य असलेला दैवी धाक नाही. तेथे निर्बंध नागरिकांनीच, उघड चर्चेतून, स्वतःवर घालून घ्यावा लागतो.

महाराष्ट्राच्या 1975च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात याची चौकट आहे. वृक्ष प्राधिकरण, ठरावीक काळाने वृक्षगणना आणि वृक्षतोडीपूर्वी नागरिकांच्या हरकती मागवणे या तरतुदी त्यात आहेत. 2021च्या दुरुस्तीने 50 वर्षे व त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आणले. झाडाच्या वयाला मोल देणारा हा नियम स्वागतार्ह आहे. तरीही साठ रोपे म्हणजे साठ वर्षांचा वड नव्हे. त्याची सावली, त्यावरची घरटी आणि त्याच्याशी जडलेल्या माणसांच्या आठवणी भरपाईच्या हिशेबात मावत नाहीत. मोजणीचा उपयोग झाड ओळखण्यासाठी झाला तर ती नीतीला पोषक ठरते. झाडाची अदलाबदल सोपी करण्यासाठी झाला तर घातक.

सहभागातही विषमता असते. ज्यांच्याकडे फोन आणि सवड आहे त्यांचा आवाज आधी पोहोचतो. बागेतल्या देखण्या झाडाला पत्रे येतात, वस्तीतल्या नाल्याकाठचे झाड मात्र दुर्लक्षित राहते. वस्तीत उन्हाचा ताप सर्वाधिक असतो आणि सावलीची गरजही. म्हणून मोबाइलवरील नोंदीबरोबर प्रभागातील प्रत्यक्ष सभा आवश्यक ठरते आणि फेरीवाले, सफाई कामगार, माळी यांचे रोजचे निरीक्षण तज्ज्ञांच्या माहितीइतकेच मोलाचे मानावे लागते.

यावरून नैतिक सहभागाच्या तीन अटी निघतात. नोंद सर्वांना पाहता व दुरुस्त करता आली पाहिजे. विचारलेल्या प्रश्नाला प्रशासनाने कारणांसह उत्तर दिले पाहिजे. आणि निर्णय होण्यापूर्वी, तो बदलू शकेल अशा टप्प्यावर, नागरिकांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. पहिल्या अटीची पूर्तता तंत्रज्ञान सहज करते. उरलेल्या दोन अटी सत्ता आणि समाज यांच्या इच्छेवर अवलंबून आहेत. झाडाला क्रमांक यंत्र देऊ शकते; त्याच्या वतीने उत्तरदायी राहण्याचे काम माणसाचेच आहे.