लपवलेली तार, उघडं नाव

सात मेगाहर्ट्झवर बोलायचं तर साध्या डायपोल अँटेनेला सुमारे वीस मीटर तार लागते. चौदा मेगाहर्ट्झवर दहा. भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरची गॅलरी यातल्या कुठल्याच मापात बसत नाही. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि तिच्या भोवती हे आखीव गाव वाढलं. नंबर घातलेले सेक्टर, एकसारखी घरं, सरळ रस्ते, दुतर्फा झाडं. क्वार्टर नोकरीबरोबर मिळतं आणि बहुधा नोकरीबरोबरच सोडावं लागतं. गच्चीवर मनोरा उभारायचा किंवा भिंतीला भोकं पाडायची, हे अशा घरात होणारं नव्हे. मग हौशी रेडिओवाला तार लपवतो.

लपवायच्या तऱ्हाही बऱ्याच आहेत. मोटारीच्या वाइंडिंगची, इनॅमल चढवलेली बारीक तार गॅलरीतून समोरच्या झाडापर्यंत नेली तर दहा पावलांवरून दिसत नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीला अशीच एक तार लगटून बांधता येते. वर टॉवेल वाळतात, खाली चौदा मेगाहर्ट्झ चालतं. तारेला जागाच नसेल तर मॅग्नेटिक लूप. तांब्याच्या नळीचं मीटरभर व्यासाचं कडं, त्याच्या तोंडाशी फिरवता येणारा कपॅसिटर, आत एक छोटं कडं आणि खाली लाकडी ठोकळा. कुंड्यांच्या मागे ठेवलं तर पाहुण्याला वाटतं वेल चढवायला आणलंय.

हे कडं जवळून पाहण्यासारखं आहे. चौदा मेगाहर्ट्झवर त्याचा प्रारण-रोध, म्हणजे शक्ती लहरी होऊन बाहेर पडते तेवढ्यापुरता रोध, ओहमच्या दहाव्या भागालाही पोचत नाही. म्हणजे डागलेला एखादा सांधा कच्चा राहिला, तर तेवढ्या सांध्यातच निम्मी शक्ती उष्णता होऊन जाते. म्हणून नळी जाड घ्यायची, सांधे नीट डागायचे आणि कपॅसिटर केसभर फिरवायचा. हात जवळ नेला तरी सूर हलतो, म्हणून दांड्याला प्लास्टिकची लांब मूठ लावतात. नीट जुळवलेला लूप हेडफोनमधल्या खरखरीतून एकदम उसळी घेतो. किंचित पुढे गेलं की पुन्हा शांत. चिकाटी नसलेल्या माणसानं याच्या वाटेला जाऊ नये.

इथवर सगळं तंत्र झालं. पण तार लपवताना एक जुना प्रश्न आडवा येतो: लपवणं म्हणजे खोटं वागणं का? गावात सगळेच काही ना काही झाकून ठेवतात, त्यात काय एवढं, असं म्हणून तो उडवून लावता येतो. पण ज्या देशात गुप्ततेवरून प्रत्यक्ष महात्मा गांधी आणि त्यांचेच अनुयायी यांच्यात मतभेद झाले, तिथे तो इतक्या सहज सुटू नये.

८ ऑगस्ट १९४२. मुंबईत गवालिया टँकवर गांधीजींनी ‘छोडो भारत’चा पुकारा केला आणि त्याच भाषणात बजावलं की या लढ्यात काहीही चोरून करायचं नाही, गुप्तता हे पाप आहे. त्याच महिन्यात, त्याच शहरात, काँग्रेस रेडिओ गुप्तपणे बोलू लागला. उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी ही तरुण मंडळी. पाठीशी राममनोहर लोहिया. यंत्राची जोडणी केली नरिमन प्रिंटर यांनी, जे मुळात हौशी रेडिओवाले. महायुद्ध पेटल्यावर सरकारनं हौशींचे परवाने रद्द केले होते, तरी हातातली विद्या कुठे जाते? केंद्र कधी चौपाटीवरच्या सी व्ह्यू इमारतीत, कधी लॅबर्नम रोडच्या अजित व्हिलात, कधी गिरगावच्या पारेखवाडीत. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत असत, म्हणून जागा बदलत राहायची. निवेदनात ठिकाण सांगायचं ते एवढंच, की भारतात कुठेतरी. लहर होती ४२.३४ मीटरची. गणित केलं तर ती ७.०८ मेगाहर्ट्झवर येते, म्हणजे आज भारतात हौशींना दिलेल्या ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पारेखवाडीत धाड पडली. आणि बरोबर पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९४७ ला, गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले आणि कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांशी बोलले. आकाशवाणी केंद्राची पायरी ते चढले ती आयुष्यात तेवढी एकदाच. तारखांचा हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण गुप्त रेडिओ आणि उघडा रेडिओ यांना एकच तारीख मिळावी, हे ध्यानात राहतं.

गांधीजींनी आपलं मत बदललं नाही. १९४४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी भूमिगतांना उघडपणे पुढे यायला सांगितलं. दुसऱ्या बाजूला उषाबेन आयुष्यभर गांधीवादीच राहिल्या. पुढे मुंबई विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र शिकवलं, गांधीविचारावरच संशोधन केलं. मग ज्या बाईनं गुरूनं पाप ठरवलेली गोष्ट केली, तिनं ती मनात कशी बसवली असेल? याचं उत्तर तिच्या खटल्यात शोधावं असं वाटतं. प्रश्नांची उत्तरं देणं बंधनकारक आहे का, असं तिनं न्यायाधीशांना विचारलं. नाही, असं कळल्यावर ती म्हणाली, मग एकाही प्रश्नाचं उत्तर देणार नाही. मी तिथे नव्हतेच, यंत्र माझं नव्हतं, असलं काही तिनं रचून सांगितलं नाही. ती गप्प राहिली आणि चार वर्षांची शिक्षा भोगायला येरवड्याला गेली.

गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांतला हा फरक आपल्या परंपरेनं फार पूर्वी मांडून ठेवला आहे. ‘नरो वा कुंजरो वा’ सगळ्यांना ठाऊक असतं. कर्णपर्वातली कौशिकाची गोष्ट कमी जणांना. सत्य बोलायचं व्रत घेतलेल्या या तपस्व्याला दरोडेखोरांनी विचारलं, माणसं कुठे दडली? त्यानं खरं सांगितलं, माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. श्रीकृष्ण ही गोष्ट अर्जुनाला सांगतो आणि वर म्हणतो की मौनानं भागत असेल तर बोलूच नये. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’तल्या कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात हाच गुंता सोडवायला घेतला आहे. त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला माधवराव सप्रे यांनी. घरी मराठी बोलणाऱ्या या गृहस्थांनी १९०० साली छत्तीसगडातल्या पेंड्रा या लहानशा गावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं. मासिक तीन वर्षांत बंद पडलं, पण छत्तीसगडातल्या पत्रकारितेच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या काही पानांवर येतं. भिलाईतल्या मराठी माणसाला टिळकांचा युक्तिवाद शेजारच्या हिंदी भाषकाशी बोलता येतो, तो सप्र्यांमुळे.

आता गॅलरीतल्या तारेकडे परत येऊ. काँग्रेस रेडिओ आणि आजचा हौशी यांच्यात बाहेरून साम्य दिसतं: दोघेही तार दिसू देत नाहीत. आतून मात्र कारभार उलटा आहे. काँग्रेस रेडिओला आपल्या माणसांचा नाव-पत्ता झाकायचा होता, कारण ते झाकणं हेच हत्यार होतं. हौशीला नाव-पत्ता झाकायची सोयच नाही. भारतात परीक्षा दिल्यावर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून परवाना मिळतो, त्यावर पत्ता असतो आणि व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीनं सुरू होणारं कॉलसाईन असतं. हवेत तोंड उघडलं की ते कॉलसाईन सांगावंच लागतं. निरोप साध्या भाषेत हवा, सांकेतिक लिपीत नाही. मोर्सची कट-कड-कट चालते, कारण ती जगाला येते.

याच्या उलट, महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून शतकानुशतके पंथाबाहेर जाऊ दिले नाहीत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा कुठे मराठीचं ते धन बाहेरच्यांना वाचता आलं. पोथी उघड्या मांडणीवर, अर्थ मात्र बंद. हौशी रेडिओत पोथी कुठेही दडवा, अर्थ उघडा ठेवा, असा नियम आहे. त्यामुळे लपवलेल्या तारेला सरसकट असत्य म्हणता येत नाही. गुप्तदानाला आपण पुण्य मानतो आणि गुप्त हिशेबाला चोरी, तेव्हा नुसत्या गुप्ततेवरून निवाडा करतच नाही. काय झाकलं आणि कुणापासून, हे पाहतो.

कुणापासून, हा भाग मात्र अवघड आहे आणि हौशी मंडळी त्यावर फारशी थांबत नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरीला कसं चकवलं, याच्या गोष्टी मिशीला पीळ देत सांगितल्या जातात. भिंत विद्रूप दिसू नये म्हणून तार बारीक घेतली तर ती शेजारधर्माची गोष्ट झाली. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, हे पक्कं माहीत असल्यामुळे न विचारता लावली, तर ते मौन कृष्णानं सांगितलेलं मौन नव्हे. तिथे कुणाचा जीव वाचत नसतो, वाचते ती फक्त आपली कटकट. आणि सेक्रेटरीनं सरळ विचारलं, ही तार कसली, तर ‘कपड्यांची दोरी’ हे उत्तर साधं खोटं आहे.

शिवाय लपवलेली अँटेना माणसांच्या फार जवळ असते, आणि इथे अहिंसेचं व्होल्टात मोजायचं गणित सुरू होतं. टोकाशी जोडणी असलेल्या अर्धलहरी तारेच्या त्या टोकाला पाच वॅट सोडले तर शंभर-सव्वाशे व्होल्ट येतात. शंभर वॅट सोडले तर पाचशेच्या आसपास. मॅग्नेटिक लूपच्या कपॅसिटरवर शंभर वॅटला कित्येक हजार. भारतातल्या जनरल श्रेणीच्या परवान्यात चारशे वॅटपर्यंत मुभा आहे. ती मनोऱ्यावरच्या अँटेनेसाठी ठीक. कपड्यांच्या दोरीवर, जिथे शेजारचं पोर ओला हात लावू शकतं, तिथे नाही. गॅलरीत तार दडवायची असेल तर शक्ती कमी करणं हे कर्तव्यच होऊन बसतं.

क्यूआरपी म्हणजे मोर्सला पाच वॅट, बोलायला जास्तीत जास्त दहा. रात्रीच्या दिव्याएवढी शक्ती. शंभरावरून पाचावर आलं तर शक्ती वीस पटींनी घटते, पण ऐकणाऱ्याच्या यंत्रावरचा काटा दोन खुणांहून किंचित जास्त खाली येतो. या कमी शक्तीच्या पंथाला धर्मगुरूही भेटला. इंग्लंडमधल्या जॉर्ज डॉब्स या अँग्लिकन पाद्र्यानं १९७४ मध्ये जी-क्यूआरपी क्लब काढला. चौदाव्या शतकातला फ्रान्सिस्कन भिक्षू, ऑकमचा विल्यम, त्याच्या नावावर असलेला विचार डॉब्स आवडीनं सांगत: थोडक्यात होतं त्यासाठी जास्त वापरणं व्यर्थ. आपल्याकडे हैदराबादच्या अशहर फरहान यांनी, कॉलसाईन व्हीयू-टू-ईएसई, बीआयटीएक्स नावाचा ट्रान्सीव्हर रचला. स्थानिक बाजारात मिळतील असे सुटे भाग आणि शक्ती सहा वॅटच्या आसपास. महागडं परदेशी यंत्र न घेताही हवेत जाता येतं, हे त्यानं अनेकांना दाखवलं.

याला अपरिग्रह म्हणायचा मोह होतो. म्हणावंही, पण हातचं राखून. पाच वॅटचे सात संच आणि कपाटभर टोरॉइड बाळगणारा अपरिग्रही कसला? दुसरं, पाच वॅटचा आवाज ब्राझीलला पोचला, यात अर्धं श्रेय ब्राझीलच्या माणसाचं असतं, ज्यानं मोठा मनोरा उभारला आणि खरखरीत कान लावून बसला. माधुकरी मागणाऱ्याचा संयम खरा असतो, पण तो गृहस्थाच्या चुलीवर चालतो. क्यूआरपीवाल्यानं हे ऋण मानायला हवं आणि जमेल तेव्हा स्वतः तासभर नुसतं ऐकायला हवं. ऐकणं शहरात दिवसेंदिवस कठीण होतंय: स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सगळे मिळून लघुलहरींवर गोंगाट करतात. लूपचं कडं गोंगाटाच्या दिशेला आडवं फिरवून तो बराच दाबता येतो. निदान तेवढं तरी मनोऱ्याशिवाय होतं.

भिलाईत किंवा कुठल्याही क्वार्टरमध्ये हा प्रयोग करायचा असेल त्यांनी क्रम उलटा करू नये. बाराव्या वर्षापासून परीक्षेला बसता येतं; आधी परवाना, मग तार. चौदा मेगाहर्ट्झवर दहा मीटर बारीक तार, पाच वॅट, टोकाला हात पोचणार नाही अशी उंची. पावसाळ्यात वीज कडाडू लागली की तार यंत्रापासून सोडवून ठेवायची. आणि शेजारच्या घरी एकदा जाऊन स्वच्छ सांगून यावं: गॅलरीत अँटेना आहे, सरकारी परवाना आहे, हे माझं कॉलसाईन, टीव्हीत खरखर आली तर दार वाजवा, मी लगेच बंद करीन.