कोणी बोलावलेच नाही

सामान्य काळातील २५ वा रविवार, वर्ष अ
शुभवर्तमान : मत्तय २०:१-१६



आजच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनी मजूर शोधायला दिवसातून पाच वेळा बाहेर पडतो. दरवेळी आपण एकाच प्रश्नावर अडतो : शेवटी आलेल्यांना पहाटेपासून राबणाऱ्यांइतकी मजुरी का? आज त्याआधीचा क्षण पाहू. संध्याकाळचे पाच वाजले आहेत आणि काही माणसे अजून बाजारात उभी आहेत. दिवसभर रिकामे का, असे धनी विचारतो. आम्हाला कोणी कामाला लावले नाही, असे ते सांगतात. आळशी माणूस केव्हाच घरी गेला असता. हे मात्र दिवस बुडेपर्यंत आशेने उभे होते.

ही माणसे आपल्या ओळखीची आहेत. मजूर अड्ड्यावरून भरलेला डबा तसाच घेऊन घरी परतणारा बाप, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावता धावता वय उलटून चाललेला मुलगा, डी.एड. होऊन नेमणुकीची वाट पाहणारी मुलगी. नोकरी नाही म्हणून ज्याचे लग्न जमत नाही, तो हळूहळू दुसऱ्यांच्या लग्नालाही जाईनासा होतो.

इथे आम्ही आमची एक चूक कबूल करतो. आपल्यातील एक तरुण मिस्साला येईनासा झाला. त्याची श्रद्धा ढिली पडली, असे आम्ही धरून चाललो. घरी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "फादर, देवावर राग नाही. पण मिस्सा संपली की दारात सगळे विचारतात, सध्या काय करतोस? तुम्हीही विचारता." त्याच्याजवळ उत्तर नव्हते, आणि त्याला द्यायला आमच्याजवळही नव्हते.

बेकारीने पैसा जातो हे सर्वांना दिसते. त्याखेरीज काय जाते, हे ऑस्ट्रियातील मारियेनथाल या गिरणीच्या गावात दिसून आले. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि बहुतेक सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास करून १९३३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. वेळच वेळ असूनही लोकांचे वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले होते. पुरुषांची रस्त्यावरची चाल मंदावली होती आणि दिवस कसा गेला हे त्यांना धड सांगता येत नव्हते. बायकांच्या दिवसाला निदान घरकामाचा आधार होता.

म्हणजे काम गेले की पगाराबरोबर सकाळी उठण्याचे कारण जाते, चारचौघांतली जागा जाते आणि आपली कोणाला तरी गरज आहे ही खात्रीही जाते. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमावर परिपत्रक लिहिले. श्रमाची किंमत श्रम करणाऱ्या माणसामुळे ठरते, हा त्याचा गाभा आहे. म्हणून काम नसलेल्या माणसाची किंमत तसूभरही कमी होत नाही. हे त्याला आपल्या वागण्यातून कळले पाहिजे.

आपल्या बीड जिल्ह्यात खरीप निघाला की शिवारात काम उरत नाही. मग मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमही बोलावतो, पण त्याच्या बोलावण्याला कर्जाची दोरी बांधलेली असते. प्रभू येशूच्या दाखल्यातील धनी पाच वाजता आलेल्यालाही पूर्ण दीनार देतो. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, त्यावरच संध्याकाळची चूल पेटायची. बापाला काम उशिरा मिळाले म्हणून लेकरांची भूक कमी होत नाही.

काम मागण्यात कमीपणा नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वाडवडिलांनी खडी फोडली. वि. स. पागे यांनी पुरस्कारलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर पोहोचली आणि १९७७ च्या कायद्याने काम मागणे हा महाराष्ट्रात हक्क ठरला. देशाचा कायदा २००५ साली झाला.

तेव्हा या आठवड्यापासून आपण तीन गोष्टी करू या. चर्चच्या दारात 'सध्या काय करतोस' हा प्रश्न बंद. त्याऐवजी घरी चहाला बोलवा. ज्यांच्याकडे शेतात, दुकानात किंवा बांधकामावर काम आहे, त्यांनी ते आधी इथे कळवावे आणि मजुरी त्याच संध्याकाळी पूर्ण द्यावी. ग्रामपंचायतीकडे कामाची मागणी लेखी करायची असेल, तर मिस्सानंतर थांबा. अर्ज आपण मिळून लिहू, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.

आणि ज्याला रात्र खायला उठते, जगणे नकोसे वाटते, त्याने एकट्याने सोसू नये. कितीही वाजले असोत, आमचे दार वाजवावे.

हे प्रभो, नाझरेथच्या सुताराच्या घरी तू वाढलास, तुझे हातही श्रमाने राठ झाले. दिवस मावळताना जे अजून उभे आहेत, त्यांना बोलावण्यासाठी आम्हाला पुन्हा पुन्हा बाहेर पाठव. आमेन.

आपले,
धर्मगुरू