भूल द्यावी घ्यावी

किराणा दुकानाच्या बिलाखाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं, 'चूकभूल द्यावी घ्यावी'. त्यातलं चुकीचं देणंघेणं मला समजतं. सगळा जन्म बँकेत चालला आहे. कोडं पडतं ते भुलीचं. एक माणूस भूल देतो, दुसरा घेतो, आणि घेणारा घेतल्याक्षणी जागेवरून नाहीसा होतो. पोच द्यायलाही शिल्लक राहत नाही. असा व्यवहार आमच्या कॅशियरने केला तर त्याची संध्याकाळच्या आत चौकशी लागेल.

इंग्रजीने या प्रकाराला ग्रीकमधून नाव आणलं. त्याचा अर्थ नुसता 'संवेदना नसणं'. मराठीने मात्र साधा 'भूल' शब्द वापरला आणि घोटाळा करून ठेवला. भूल म्हणजे मोह, भूल म्हणजे रानात वाट चुकणं, आणि भूल म्हणजे विसर. आता ऑपरेशनच्या टेबलावर नक्की काय होतं? दुखतच नाही, की दुखतं आणि आपण विसरतो? आणि विसरलो तर ते दुखणं झालं असं म्हणायचं की नाही?

आमच्या मेहुण्यांच्या मते हा प्रश्नच रिकामटेकडा आहे. त्यांचं पित्ताशय नगरला काढलं. २०२२ साली नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि आमच्या कड्याला स्टेशन आलं, तेव्हापासून ते गाडीत समोर बसेल त्याला ही हकीकत सांगतात. "सुई टोचली, दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितले, आठपर्यंत आलो, आणि डोळे उघडले तर खाटेवर! मला काहीच झालं नाही." आमची बहीण बाहेर बाकावर दोन तास पदर पिळत बसली होती. ऑपरेशन आपलं झालं, असं तिला अजून वाटतं. मेहुण्यांची तक्रार एकच, सकाळचा चहा दिला नाही. (आता भूल द्यायच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी प्यायलं तर सहसा चालतं, असं डॉक्टरमंडळींचं मत झालं आहे. पण दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत. हे मेहुण्यांना पटवणं भूलतज्ज्ञाच्याही हातचं नाही.)

मी त्यांना एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. भूल म्हणजे एकच औषध नव्हे. एक झोपवतं, एक वेदना मारतं, आणि पुष्कळदा तिसरं एक स्नायू ढिले करतं. हे तिसरं दिलं की बोटही हलत नाही. म्हणजे आत कोणी जागा राहिलाच तर तो सांगणार कसा? १९७७ साली टन्स्टॉल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी एक युक्ती काढली. स्नायूंचं औषध द्यायच्या आधी एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे तेवढा हात मोकळा राहतो. मग कानाशी विचारायचं, "ऐकू येत असेल तर माझा हात दाबा." २०१७ साली काही देशांतल्या डॉक्टरांनी मिळून २६० रोग्यांवर हे करून पाहिलं. घशात नळी घातल्यानंतर १२ जणांनी हात दाबला. दुखतंय का, असं विचारल्यावर त्यांतल्या ५ जणांनी पुन्हा दाबला.

असे हात दाबणाऱ्यांना पुढे बहुधा काहीच आठवत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४ साली मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात 'मला मधलं आठवतंय' असं आपणहून सांगणारा रोगी सुमारे १९ हजारांत एक निघाला. म्हणजे आठवणारा हजारांत शोधावा लागतो आणि हात दाबणारे शंभरात चार-पाच.

"मग बिघडलं कुठं?" मेहुणे म्हणाले. "आठवत नाही म्हणजे तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे प्रकरण निकाली."

मेहुणे सरकारी नोकरीत आहेत, हे वेगळं सांगायला नको.

पण मला हे पटत नाही. आमच्याकडे निष्क्रिय खाती असतात. खातेदार वर्षानुवर्षं फिरकत नाही, चौकशी करत नाही, कित्येकदा खातं आहे हेच विसरलेला असतो. म्हणून त्यातले पैसे कोणाचेच नाहीत असं होत नाही. उलट असल्या खात्यावर जास्त नजर ठेवावी लागते, कारण बोंब मारायला मालक हजर नसतो. त्या हात दाबणाऱ्या पाच जणांचंही तसंच. सकाळी उठलेल्या गृहस्थाला काही ठाऊक नसेल, पण रात्री हात दाबणारा कोणीतरी होताच ना? त्याला दुखलं. तो पुढे साक्षीला आला नाही, इतकंच.

आणि हा रिकामटेकडा वाद नाही. नवजात बाळांना वेदना फारशी कळत नाही, कळली तरी लक्षात राहत नाही, अशा समजुतीने १९८०च्या दशकापर्यंत चांगल्या पुढारलेल्या देशांत तान्ह्या मुलांची ऑपरेशनं नावापुरत्या भुलीवर होत. १९८७ साली कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये दाखवून दिलं की, पुरेसं वेदनाशामक दिलेली बाळं ऑपरेशन कितीतरी चांगलं सोसतात. आठवत नाही म्हणजे झालं नाही, या मेहुण्यांच्या तत्त्वज्ञानाचं बिल त्या पोरांनी भरलं.

या शास्त्रात आमच्याही मुलखाचा थोडा पैसा गुंतला आहे. बीड जिल्हा तेव्हा निजामाचा. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हे ठरवायला १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन कमिशनं बसली. दुसऱ्यासाठी निजाम सरकारने एक हजार पौंड मोजून विलायतेहून तज्ज्ञ आणवला. चारशेवर प्राणी कामी आले. (त्यांची संमती कोणी विचारली नसावी.) डॉक्टर लॉरींनी निकाल दिला : श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको. १९११ साली लेव्ही नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं की क्लोरोफॉर्म हृदयावरही घाव घालतो. मात्र रोग्याच्या उशाशी बसून त्याचा श्वास मोजत राहायचं, एवढं लॉरींचं म्हणणं आजही खोटं ठरलेलं नाही. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई क्लोरोफॉर्म देत बसत. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात.

झोपलेल्याचा श्वास डॉक्टर मोजतो. पण झोपलेल्याच्या वतीने 'हो' कोणी म्हणायचं? दिल्लीत १९९५ साली एक बाई नुसत्या तपासणीसाठी भुलीखाली गेल्या. त्या टेबलावर असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन त्यांचं गर्भाशय काढलं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की ही संमती नव्हे. बाई सज्ञान होत्या, जिवावरचा प्रसंग नव्हता, त्या जाग्या होईपर्यंत थांबायला हवं होतं. हे वाचताना मला दिल्लीपेक्षा आपला जिल्हा आठवला. २०१९ साली सरकारी समितीने बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यांतल्या कितींना भुलीआधी नीट समजावून विचारलं असेल? आपल्याकडे कागद पुढे आला की घरातला पुरुष खिशातलं पेन काढतो. कर्जाच्या कागदावर जशी न वाचता सही होते, तशीच इथेही होते. फरक एवढाच की कर्ज फेडता येतं.

आमच्या आत्याचं मोतीबिंदूचं नव्हे, चांगलं पोटाचं ऑपरेशन निघालं. वय पंच्याहत्तर. कागद आला. आमच्या आतेभावाने सवयीने पेन काढलं. आत्या म्हणाली, "पोट कुणाचं?"

"तुझं."

"मग शाई इकडं आण."

तिने अंगठा उठवायच्या आधी सगळा कागद मोठ्याने वाचून घेतला. दोन ठिकाणी पुन्हा वाचायला लावला. तेवढ्यात भूलतज्ज्ञ बाई आल्या. आमच्या मुलीच्या वयाच्या असतील. शस्त्रक्रिया करणाऱ्याला सगळे पेढे देतात. या बाईंचं नावही कोणी विचारलं नव्हतं. आत्याने विचारलं. मग म्हणाली, "बाई, मी तिथं नसताना माझ्याकडं बघणार कोण?"

"मी. तुमच्या उशाशीच बसणार आहे."

"मधेच उठून जायचं नाही."

"नाही जाणार."

आत्याने अंगठा उठवला, आणि शाईचं बोट आतेभावाच्या धोतराला पुसलं.