दत्त आणि दत्तक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, 'दत्त' म्हणजे दिलेला. अत्रिऋषींनी अपत्य मागितलं तेव्हा भगवंतांनी स्वतःलाच देऊन टाकलं. म्हणून ते दत्त, आणि अत्रींचे म्हणून आत्रेय. 'दत्तक' हा शब्दही त्याच मुळातला. जन्मभर दत्ताचं नाव घेऊन हे माझ्या ध्यानी आलं नव्हतं. ते आणून दिलं माझ्या सुनेनं.

आम्ही नेरुळला राहतो. मुलाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही. गुरुचरित्राच्या ३९व्या अध्यायात साठ वर्षांच्या गंगाबाईला श्रीगुरुकृपेनं संतती झाली. तो वाचून मी सूनबाईला पिंपळाच्या प्रदक्षिणा घालायला लावल्या. गाणगापूर झालं, नरसोबाची वाडी झाली, दवाखाने तर चालूच होते. ती बिचारी कधी बोलली नाही. गेल्या दत्तजयंतीला जन्माच्या वेळी पाळण्याची दोरी तिच्यापुढे आली, तर मी ती घाईघाईनं शेजारच्या लेकुरवाळीच्या हाती दिली. हे पाप माझंच.

त्याच रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, आता नवस पुरे. आम्ही मूल दत्तक घेतोय."

माझ्या तोंडून गेलं, "कुणाचं रक्त, कुठलं कूळ!"

सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, अनसूयामातेची बाळं तरी कुठं तिच्या पोटची होती?"

मी निरुत्तर झालो. तीन देव अतिथी होऊन आले, तीर्थ शिंपडताच बाळं झाले आणि मातेला पान्हा फुटला. बाळं तिच्या दारी आली, तिनं ती पदरात घेतली. त्याच घटनेचा तर आपण उत्सव करतो!

'म्हातारपणी कोण बघणार, शेवटी पाणी कोण देणार?' हा आपल्या वयाच्या माणसांचा प्रश्न. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा १८७४ साली पदरात घेतला, त्याला डॉक्टर केलं. १८९७च्या प्लेगात त्याच यशवंताच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णसेवा करत होत्या. आईच्या कामात लेक उभा राहिला. याहून वेगळा वंश कोणता?

आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये कबुतरं घरटं करतात. अवधूतानं चोवीस गुरूंत कपोतालाही धरलं. पिलं जाळ्यात सापडली म्हणून त्यानंही जाळ्यात उडी घेतली. संततीची आसक्तीसुद्धा बांधते. म्हणून ज्या जोडप्याला मूलच नको असेल, त्यांनाही अपुरं म्हणू नये. मी तर नातवाच्या ओढीनं सुनेलाच जाळ्यात ओढत होतो.

आणि त्यात त्यांची वर्षं गेली. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५च्या वर चालत नाही. या दोघांची ८२ झाली होती. आता सरकारी पोर्टलवर नोंदणी झाली आहे, घर बघून गेले आहेत. पुढं प्रतीक्षा आहे. ती वर्षांची असते म्हणतात. वडीलधाऱ्यांनो, मुलांना निर्णय घेऊ द्या, आणि वेळेत घेऊ द्या. आपण फक्त पाठीशी राहावं.

यंदा मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळण्याची दोरी मी प्रथम सूनबाईच्या हाती देणार आहे. बाळ येईल तेव्हा येईल. माझी चूक मात्र मला आजच सुधारायची आहे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥