सुई कोणाच्या हाती?

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या दवाखान्यांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. स्टाफ कमी आहे, आणि आहे त्याला कामाची आस्था नाही. पहिलं खरंच आहे. दुसरं खरं मानून आपण व्याख्यानं ठेवतो, १२ मे रोजी परिचारिकांचे सत्कार करतो. माझं म्हणणं असं की आस्था आटते ती बहुधा कौशल्य वापरायला न मिळाल्याने. याचा भक्कम पुरावा गडचिरोलीतच आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून जिल्ह्यातल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. काम करणाऱ्या आरोग्यदूत त्याच गावांतल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका. बाळाचं वजन करणं, ताप पाहणं, श्वास मोजणं, जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं हे सगळं त्या शिकल्या. जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देऊ लागल्या. कमी शिकलेल्या बाईच्या हाती तान्ह्या बाळासाठी सुई देण्याची कल्पना तेव्हा अनेकांना धोक्याची वाटली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरलं होतं.

औषध तेच होतं, जे कुठल्याही दवाखान्यात मिळालं असतं. फरक पडला तो ते देणाऱ्या बाईमुळे. निर्णय तिचा, हात तिचा, आणि वाचलेलं बाळ रोज तिच्या डोळ्यांसमोर वाढणारं. पर्यवेक्षक यायचे तेव्हा नोंदी तपासायचेच, पण चुकलेलं पुन्हा करूनही दाखवायचे. अशा बाईला प्रेरणेचं भाषण कशाला लागेल?

हे फक्त गडचिरोलीपुरतं नाही. १९८३ साली अमेरिकेत परिचारिकांचा तुटवडा असताना ज्या ४१ रुग्णालयांत त्या टिकून होत्या, त्यांचा अभ्यास झाला. तिथेही हेच दिसलं: परिचारिकेला निर्णयाचा अधिकार होता आणि तिचं ऐकलं जात होतं.

आता आपल्या उपकेंद्राकडे पाहा. अकरा महिन्यांच्या कंत्राटी आदेशावरची नर्सबाई दिवसाचा मोठा भाग रजिस्टरं आणि ऑनलाइन नोंदींत घालवते. साहेबांची भेट म्हणजे रकाने भरले की नाहीत याची तपासणी. विशिष्ट परिस्थितीत एएनएमने, म्हणजे उपकेंद्रातल्या याच नर्सबाईने, बाळाला जेंटामायसिन द्यावं, अशी परवानगी केंद्र सरकारने २०१४ मध्ये दिली. पण परवानगीच्या कागदाने हात बसत नाही. त्यासाठी सराव लागतो, आणि चुकलं तर पाठीशी उभा राहणारा डॉक्टर लागतो. पगार आणि कायमपणाचा प्रश्न यातून सुटत नाही, तो वेगळा सोडवावाच लागेल.

भाषेचंही तसंच. भामरागड, एटापल्लीतली माडिया बाई आपलं दुखणं माडियातच नीट सांगू शकते. हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, तो डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया शिकून घेतल्यामुळेच. बाहेरून बदलून आलेली सिस्टर माडिया शिकली तर ते सलाइन लावण्याइतकंच कौशल्य आहे. त्याचं प्रशिक्षण असावं, त्यासाठी भत्ताही असावा. घरी माडिया बोलणाऱ्या मुलींना जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग पदविकेच्या, शिक्षणात हात दिला तर आणखी बरं.

पैसा कुठून आणायचा, असं विचारणाऱ्यांना उत्तर जवळच आहे. कोळसा आणि लोहखनिजामुळे दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी येतो, आणि आरोग्य हा त्यातला प्राधान्याचा विषय आहे. इमारतींसोबत प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सरावाची एक खोली त्यातून व्हावी: बाळाचा पुतळा, श्वास देण्याची पिशवी, आणि महिन्यातून एकदा शिकवायला येणारा माणूस. वाचकहो, तुमच्या जिल्हा परिषद सदस्याला, आमदाराला एवढंच विचारा की आपल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईने बाळाला श्वास देण्याचा सराव शेवटचा कधी केला. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.