एकच गळा

कंट्री गायक ख्रिस्ती भक्तिगीतांकडे वळला की लोक विचारतात, हा खरंच बदलला का? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर गाण्यात शोधू नये. गळा तोच असतो.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं रायमन सभागृह 1892 मध्ये उभं राहिलं ते प्रवचनांसाठी. ते उभारणारा थॉमस रायमन हा नदीवरच्या बोटींचा कप्तान. एका धर्मोपदेशकाचं प्रवचन ऐकून त्याचं मन पालटलं होतं. पुढे 1943 पासून 1974 पर्यंत 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री संगीताचा रेडिओ-जलसा याच जागेत चालला. प्रार्थनेसाठी केलेल्या लाकडी बाकांवर बसून माणसं दारूची, दगाबाजीची, मोडलेल्या संसारांची गाणी ऐकत. बाक बदलावेत असं कुणाला वाटलं नाही.

या संगीतात पाप आणि प्रार्थना यांचा शेजार जुना आहे. हँक विल्यम्सने दोन्ही गायली, जॉनी कॅशनेही. कॅशला सन रेकॉर्ड्स या कंपनीने भक्तिगीतांचा अल्बम करू दिला नाही. तो कोलंबिया या दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि 1959 मध्ये त्याने तो केलाच. भक्तीच्या आड सैतान आला नव्हता, खप आला होता.

कंट्री गायक रँडी ट्रॅव्हिसचंच पाहा. तो नॉर्थ कॅरोलिनातल्या मार्शव्हिलचा. पोरवयातच दारू आणि पोलीस यांची ओळख झालेली. नॅशव्हिलला आल्यावर एका क्लबात मासे तळायचा, भांडी घासायचा आणि तिथेच गायचा. 1986 मध्ये त्याचा 'स्टॉर्म्स ऑफ लाइफ' हा अल्बम आला आणि नाव झालं. नव्वदीत नवे गायक आले, याचा जोर ओसरला. 2000 मध्ये त्याने भक्तिगीतांचा 'इन्स्पिरेशनल जर्नी' काढला.

बाजार उठला की देव आठवतो, असं म्हणणारे म्हणोत. पडत्या काळात देव आठवणाऱ्यांवरच देवळं चालतात.

मग रँडीचं 'थ्री वुडन क्रॉसेस' हे गाणं आलं. बसमध्ये चौघे: शेतकरी, शिक्षिका, धर्मोपदेशक आणि एक वेश्या. अपघात होतो, तिघे जातात. वाचते ती वेश्या. मरता मरता उपदेशक आपलं रक्ताळलेलं बायबल तिच्या हातात ठेवतो. शेवटी कळतं की चर्चमध्ये उभा राहून ही हकिगत सांगणारा उपदेशक तिचाच मुलगा आहे.

गाणं काढलं ख्रिस्ती संगीताच्या कंपनीने. 2003 मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. 1994 नंतर रँडीला हा मान प्रथमच मिळत होता. दोन प्रकारच्या गाण्यांत भिंत घालतो तो दुकानदार. ऐकणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो.

इथे थांबता आलं असतं तर गोष्ट बोधकथा झाली असती. आयुष्य थांबत नाही. 2012 मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल टेक्ससमध्ये रँडीला अटक झाली. पुढे त्याने गुन्हा कबूल केला. 2013 मध्ये पक्षाघात झाला आणि वाचा गेली. 2016 मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याला मानाचं स्थान मिळालं. साधं वाक्य बोलणंही जड जाणारा हा माणूस त्या समारंभात उभा राहिला आणि 'अमेझिंग ग्रेस' हे भक्तिगीत गायला.

त्या गीताचा कर्ता जॉन न्यूटन. 1748 मध्ये भर समुद्रात वादळात सापडला, तेव्हा त्याने देवाचा धावा केला आणि वाचला. त्यानंतरही काही वर्षं तो गुलाम वाहणाऱ्या जहाजांवर कप्तान होता. त्या धंद्याविरुद्ध जाहीरपणे लिहायला 1788 साल उजाडलं. मन एका रात्रीत पालटतं. हात पालटायला चाळीस वर्षं लागतात.

म्हणून गायकाच्या चारित्र्याचा दाखला मागून त्याचं भक्तिगीत ऐकू नये. त्याच्या गुन्ह्याचा हिशेब कोर्टात होतो, तो तिथेच व्हावा. गाण्याचा हिशेब वेगळा आहे. निष्पाप माणसांसाठी भक्तिगीतं कुणी लिहिलीच नाहीत.