आतली कडी

माझ्या लहानपणी चिंचवडगावातल्या वाड्यात आम्ही दोन खोल्यांत नऊ माणसे राहत होतो. मधल्या चौकटीला दार नव्हते, जुन्या लुगड्याचा पडदा होता. तरीही त्या घरात खाजगी असे काही नव्हते, असे मला आज म्हणवत नाही. आजोबा ओसरीवरून आत येताना उंबऱ्याशी थांबत आणि खाकरत. घसा खराब होता म्हणून नव्हे. आत कुणी मुलाला पाजीत असेल, कुणी वेणी घालीत असेल, कुणी नुसतेच डोळे पुसत असेल, तर तिला सावरायला क्षणभर मिळावा म्हणून. शेजारच्या बिऱ्हाडातले भांडण भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू येई. पण दुसऱ्या दिवशी नळावर त्या बाई भेटल्या की आमची आजी त्यांच्याशी पावसापाण्याचेच बोले. ऐकलेले न ऐकल्यासारखे करणे ही त्या वाड्यातली एक विद्या होती, आणि ती कुणाला शिकवावी लागत नसे.

हे सारे इतक्या वर्षांनी आठवायला कारण झाली एक डबी.

मोशीला माझे लहानसे घर आहे. खाली आम्ही दोघे राहतो. वरच्या दोन खोल्यांत चाकणच्या कारखान्यांत कामाला जाणारी दोन मुले भाड्याने असतात. पाणी भाड्यात, वीज मीटरप्रमाणे, आणि इंटरनेट आमच्याच जोडणीवर, असा आमचा व्यवहार. कंपनीच्या माणसाने फायबरची तार आणली तेव्हा भिंतीवर एक पांढरी डबी ठोकली आणि ‘हिला हात लावू नका’ असे बजावून तो निघून गेला. मी तीस वर्षे भोसरीच्या एका टूलरूममध्ये काढलेला माणूस. ज्या यंत्राचे झाकण उघडता येत नाही, ते यंत्र मला आपले वाटत नाही. हात लावू नका म्हटल्यावर तर मुळीच नाही.

ही डबी करते काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, कॅमेरा हिच्यातूनच बाहेर जातो. एखाद्या स्थळी जायचे तर फोन आधी त्या स्थळाचे नाव सांगून त्याचा पत्ता विचारतो, आणि हा विचारणा हिच्या कानांवरून जातो. पुढे जे लिहिले-वाचले जाते ते हल्ली बहुतेक बंद लिफाफ्यातून जाते. ते डबीला वाचता येत नाही. पण लिफाफ्यावरचे नाव दिसते, वेळ दिसते, किती वेळा गेला ते दिसते. कुणी म्हणेल, एवढ्याने काय कळणार? आमच्या आळीच्या जुन्या पोस्टमनला विचारावे. त्याने आयुष्यात कुणाचे पत्र फोडले नाही. पण कोर्टाचा लिफाफा कुणाकडे येतो, मुलाची मनीऑर्डर कुणाकडे यायची थांबली, हे त्याला सगळे ठाऊक असे.

तेव्हा ही डबी कुणाच्या ताब्यात असावी, हा प्रश्न उगाच वाटत नाही. कंपनीने दिलेली डबी कंपनीला दुरून चालवता येते. सोय मोठीच आहे. बिघाड झाला तर माणूस न येता दुरुस्ती होते. परंतु ज्या दाराने दुरुस्ती येते त्या दाराने दुसरेही काही येऊ शकते. बाजारातले काही राउटर तर असे, की आधी बनवणाऱ्याकडे खाते उघडा, फोनवर त्याचे ॲप घ्या, मग तुमचे यंत्र सुरू होईल. म्हणजे घर माझे आणि फाटकाची किल्ली परमुलखातल्या गोदामात. शिवाय आळस आपलाही असतोच. जुलै 2017 मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातकी प्रोग्रॅमने निकामी केले. त्यासाठी त्याला फार हुशारी लागली नाही. कारखान्यातून येताना जो परवलीचा शब्द होता, तोच घरोघर तसाच राहिला होता.

मी निवडला तो तिसरा मार्ग. त्याची हकिकत मला एक कारागीर म्हणून फार आवडते. 2002 च्या अखेरीस लिंक्सिस नावाच्या कंपनीने घरगुती वापराचा एक राउटर काढला. त्याच्या पोटातली आज्ञावली लिनक्सवर बेतलेली होती, आणि लिनक्सचा परवाना असा की, जो हे वापरून माल विकील त्याने घेणाऱ्याला मूळ लिखाणही दिले पाहिजे. लोकांनी तगादा लावला आणि 2003 मध्ये कंपनीला ते उघड करावे लागले. त्यातून पुढच्या वर्षी ओपनडब्ल्यूआरटी ही सर्वांना खुली असलेली आज्ञावली जन्माला आली. यंत्राबरोबर ड्रॉइंग हातात मिळावे तसे हे झाले. ज्याला कळते त्याने ते तपासावे, ज्याला कळत नाही त्याने कळणाऱ्याला विचारावे. मी तशी आज्ञावली चालेल असा राउटर आणला, बंगळूरच्या मुलाला फोनवर विचारीत विचारीत ती त्यात भरली, कंपनीच्या डबीला नुसता पूल बनवून टाकले आणि तिच्यामागे माझे यंत्र लावले. घराच्या वेशीवर आपला पहारेकरी बसला, या समाधानात मी त्या रात्री झोपलो.

पहारेकरी माझा होता, हे खरे. तो काय पाहील याचा विचार मात्र मी केला नव्हता.

जाहिराती अडवणारी एक सोय मी त्या यंत्रावर बसवली होती. तिच्याबरोबर एक नोंदवही आपोआप आली. कोणत्या फोनने किती वाजता कोणते नाव विचारले, ओळीखाली ओळ. यंत्र माणसाचे नाव लिहीत नाही, फोनचे लिहिते. पण चार फोनांच्या घरात त्याने काय बिघडते? पहिल्या दिवशी मी ती वही यंत्र नीट चालते की नाही ते पाहायला उघडली. दुसऱ्या दिवशी कारण शोधून उघडली. तिसऱ्या दिवसापासून कारण लागेनासे झाले. वर्तमानपत्र वाचावे तशी मी चहाबरोबर ती वाचू लागलो. पत्नीच्या फोनवरून एका रुग्णालयाचे नाव तीनदा आले होते. ती मला काही बोलली नव्हती. आणि वरच्या दोघांपैकी लातूरकडचा जो मुलगा, कंत्राटावर लागलेला, त्याच्या फोनवरून रात्री दीड-दोनच्या सुमारास झटपट कर्ज देणाऱ्यांची नावे येत होती. एक नव्हे, पाच-सहा, रोज.

जिन्यात तो भेटला तेव्हा मी आपुलकीने विचारले, “काय रे, पैशांची काही अडचण आहे का?”

त्याचा चेहरा उतरला. “नाही काका. का? कुणी काही सांगितलं का?”

“छे, सहज विचारलं,” मी म्हणालो.

ते सहज नव्हते. माझ्या तोंडून निघालेला तो शब्द खोटा होता, आणि ज्या क्षणी तो खोटा झाला त्या क्षणी माझ्या आपुलकीचेही खोटे नाणे झाले. त्या रात्रीपासून यंत्राच्या यादीतून त्याचा फोन नाहीसा झाला. तो आपला डेटा वापरू लागला असावा. भाडे एक तारखेला येई, नमस्कार होई. पण जिन्यात थांबून बोलणे संपले.

माझा हेतू चांगला होता, अशी समजूत मी बरेच दिवस घालीत होतो. ती पुरती खरीही नव्हती. त्याच्या काळजीत माझ्या भाड्याची काळजी मिसळलेली होती. पण हेतू निर्भेळ असता तरी काय? आमच्या चिंचवडच्या माणसाला या बाबतीत इतिहास लांब शोधावा लागत नाही. 1897 मध्ये पुण्यात प्लेग होता, माणसे मरत होती, आणि रोगी शोधून वेगळे काढणे हा काही वाईट हेतू नव्हता. त्यासाठी रँडच्या अमदानीत गोरे शिपाई लोकांच्या माजघरांत आणि देवघरांत शिरले. त्या वर्षीच्या 22 जूनच्या रात्री चिंचवडच्या चापेकरांनी जे केले ते आपण जाणतोच. त्या रक्तपाताची आणि माझ्या जिन्यातल्या प्रसंगाची तुलना करणे हास्यास्पद आहे, हे मला कळते. मला म्हणायचे ते एवढेच की, चांगल्या कामासाठी निघालेल्या माणसाला उंबऱ्याशी थांबण्याची गरज भासत नाही. खाकरायचे राहून जाते ते बहुधा अशाच वेळी.

पुढे खडकसिंग खटला वाचताना मला आणखी एक गोष्ट जाणवली. उत्तर प्रदेशातल्या या माणसावर दरोड्याचा आरोप होता, तो पुराव्याअभावी सुटला. पण पोलिसांनी त्याच्या नावाचे पान उघडून ठेवले, आणि रात्री-अपरात्री चौकीदार व शिपाई त्याच्या दारात येऊन दार वाजवीत, हाका मारून त्याला उठवीत. डिसेंबर 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी बेकायदा ठरवल्या. मात्र खाजगीपणा हा काही घटनेने दिलेला हक्क नाही, असेही बहुमताने म्हटले. हे मत पुसायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावे लागले. त्या दिवशी नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो हक्क मान्य केला. मला मात्र राहून राहून त्या शिपायांचेच आश्चर्य वाटते. ते निदान दार तरी वाजवीत होते. माझ्या डबीने तेही केले नाही. खडकसिंगाला आपण पाहिले जात आहोत हे ठाऊक होते. लातूरच्या मुलाला ते ठाऊक नव्हते.

आणि कायदा इथवर येत नाही. 2023 साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला, तोही व्यक्तीने स्वतःच्या वा घरगुती कामासाठी केलेल्या हाताळणीला लागू नाही. भाडेकरू घरगुतीत मोडतो की नाही, हा वकिलांचा प्रश्न. पण उंबऱ्याच्या आत कायदा थांबतो तो योग्यच थांबतो, असे मला वाटते. तो आत आला तर तोही न खाकरताच येईल. आत जे काही राखायचे ते ज्याच्या हाती किल्ली आहे त्यानेच राखायचे असते. चाकणला कारखान्याच्या फाटकावर या मुलांच्या फोनच्या कॅमेऱ्यावर रोज चिकटपट्टी लावतात. कंपनीचे गुपित बाहेर जाऊ नये म्हणून. संध्याकाळी तो मुलगा घरी येतो, पट्टी काढतो, आणि त्याच्या गुपितावर पट्टी लावणारा तिथे कुणी नसतो. तो मी असायला हवा होतो.

इतके दिवस मी समजत होतो की खाजगीपणा म्हणजे कुलूप, आणि प्रश्न फक्त चांगले कुलूप निवडण्याचा. वाड्यात कुलपे नव्हती. तिथे खाजगीपणा हा आपण स्वतः राखायचा नसे. तो दुसऱ्याने आपल्यासाठी राखायचा असे, आणि आपण त्याच्यासाठी. मग यंत्र कोणते घ्यावे हा प्रश्न फोल ठरतो का? नाही. परक्याच्या डबीत मला न पाहण्याचे स्वातंत्र्यच नव्हते. ती पाहते की नाही हेसुद्धा मला कळण्याची सोय नव्हती. माझ्या यंत्रात ‘नोंद ठेवू नको’ असे सांगता येत होते. उघडता येणाऱ्या यंत्राचे मोल हेच, की त्याला डोळे मिटायला लावता येतात. मात्र मिटायला लावणारा माणूस लागतो.

मी नोंद बंद केली, जुनी वही पुसली आणि आधी पत्नीला सांगितले. रुग्णालय तिच्या बहिणीसाठी होते. ती शांतपणे म्हणाली, “अहो, विचारलं असतंत तर सांगितलं असतं.” चाळीस वर्षांच्या संसारात याहून कडक बोल मी ऐकलेला नाही.

मग जिना चढलो. दार उघडेच होते. तरी मी बाहेर थांबलो आणि खाकरलो. मुलाला सारे सांगितले. तो रागावला नाही. “मला वाटलंच होतं, काका,” म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “पण आता बघत नाही, याची खात्री काय?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. यंत्राचे झाकण उघडून दाखवता येते. माणसाचे कसे दाखवणार? किल्ली त्याच्या हाती द्यावी, तर खालच्या घराचे दार त्याला उघडे होणार. शेवटी मी त्याचा फोन मागितला आणि त्यात खाजगी डीएनएस नावाची जी सोय असते ती कशी लावायची ते दाखवले. ती लावली की फोन आपला पत्ता माझ्या यंत्राला विचारीत नाही. दूरच्या दुसऱ्याला, बंद लिफाफ्यातून विचारतो. मी अगदी आंधळा होत नाही, पण वही भरण्याइतके मला दिसत नाही. “जाहिराती मात्र पुन्हा दिसतील,” मी म्हणालो. “चालेल,” तो म्हणाला.

खोलीला बाहेरून कुलूप असले तर ती कोठडी होते. आतून कडी असली तर ती खोली. त्याने माझ्या देखत माझ्यापुरती ती कडी लावून घेतली, आणि मला विलक्षण मोकळे वाटले. त्याच्या कर्जाचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. तो जिन्यात पुन्हा थांबू लागला आहे. सांगायचे असेल तर सांगेल.